न ऐकलेली गोष्ट

फार जुनी हकिगत आहे. इतकी जुनी, की तेव्हा प्राणी बोलत असत आणि माणसंही थोडंफार ऐकत असत.

नदीकाठच्या एका गावात संध्याकाळी पारावर गोष्टी रंगत. सांगणाऱ्याला सगळ्यांनी हुंकार द्यायचा आणि गोष्ट आधी ऐकलेली निघाली की थांबवायचा, अशी तिथली रीत. त्या गावातल्या एका तरुणाने तोंड उघडलं की दोन-चार वाक्यांतच सगळे गप्प होत. "ही ऐकलीय बाबा," असंसुद्धा कुणी म्हणत नसे, आणि तेच त्याला जास्त लागे. आपल्याला एक कोरी गोष्ट सुचावी, तिला शेवटपर्यंत हुंकार मिळावा, एवढीच त्याची आस होती. त्यापायी त्याला अन्न गोड लागेना.

त्याची आई तो रांगत असतानाच वारली होती. आत्याने त्याला वाढवलं. एके दिवशी भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "अरे, तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय."

"तुझ्या गोष्टी मला तोंडपाठ आहेत, आत्या," तो म्हणाला. "मला कुणीच न ऐकलेली हवीय."

"तशी गोष्ट नव्हे रे..."

पण पठ्ठ्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. "आल्यावर सांग," म्हणून तो निघाला.

त्याने कितीतरी गावं पालथी घातली. जावं तिथे त्याच राजाच्या त्याच राण्या, आणि कोल्हाही तेवढाच लबाड. वर्षं गेली. शेवटी रानातल्या एका तळ्याकाठी बसून तो रडला. तळ्यातल्या म्हाताऱ्या कासवाने मान बाहेर काढली. "काय हरवलं?"

"गोष्ट. कुणीच न ऐकलेली."

"ती हिंडून कशी मिळेल?" कासव म्हणालं. "ज्याच्यापाशी असते तो सांगायला बघतो, पण ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून तर ती न ऐकलेली राहते. तुला कुणी काही सांगत होतं का?"

तरुणाला आत्याचं ते अर्धवट राहिलेलं बोलणं आठवलं. तो गावाकडे धावत सुटला.

आत्या ओट्यावर बसली होती. केस पांढरे झाले होते. त्याने तिचे पाय धरले. "आत्या, ती राहिलेली गोष्ट सांग."

आत्याने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "कुणाचा रे तू, बाळा?"

शेजारीण हलकेच म्हणाली, "त्यांना आता काही आठवत नाही. तुझी आई जाताना त्यांच्यापाशी तुझ्यासाठी काहीतरी सांगून गेली होती. आम्ही किती विचारलं. म्हणायच्या, ते त्याचं आहे, त्यालाच सांगेन."

तो रोज आत्यापाशी बसू लागला. ती काहीबाही बोलायची आणि तो शब्दाशब्दाला हुंकार द्यायचा. ती गेली त्या दिवसापर्यंत त्याने वाट पाहिली. आईचा निरोप काही तिच्या तोंडून आला नाही.

पुढे एका संध्याकाळी तो पारावर बसून सांगू लागला, "एक आई होती. तिला आपल्या लेकराला काहीतरी सांगायचं होतं..."

ही गोष्ट कुणीच ऐकलेली नव्हती. सगळे हुंकार देत राहिले. पण पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

तात्पर्य: नवी गोष्ट शोधायला निघण्याआधी, घरचं माणूस काय सांगतंय ते ऐकून घ्यावं.