राणी मेखलेने सोन्याला माहेर पुसले

एका राज्यात डोंगर होते उदंड, सोनं होतं थोडं, आणि गावोगाव पाठशाळा होत्या. त्या पाठशाळा चालत सम्राट महीधराच्या दानावर. दर चैत्रात सम्राटाच्या राजधानीहून सोन्याची पेटी येई, पेटीवर एक राघू बसलेला असे. राघू अट सांगे. अट मानली तर सोनं सोनं राही, नाकारली तर त्याचा कोळसा होई. ही करणी सम्राटाच्या दरबारी जादूगाराची, कालकंठाची.

पहिल्या साली राघू म्हणाला, "मुलांनी राजधानीकडे तोंड करून बसावं."

त्या डोंगरी राज्याची राणी मेखला हसली. "बसतील."

त्या सोन्यातून पाठशाळांवर तांबडी कौलं चढली.

दुसऱ्या साली राघू म्हणाला, "मुलांनी फक्त सम्राटाची गाणी गावी."

गुरुजनांची वेतनं अडली होती. "गातील," राणी म्हणाली. त्याच सकाळी मुलांच्या गळ्यातली घरची गाणी उडून गेली. आया अंगाई म्हणू लागल्या, तर लेकरं परक्यासारखी पाहू लागली. राणीला अन्न गोड लागेना.

तिसऱ्या साली राघू म्हणाला, "नदीच्या पैलतीरावरच्या कुंभारांची मुलं पाठशाळेत घेऊ नयेत."

प्रधान कुजबुजला, "राणीसाहेब, दोन मानल्या, तिसरी काय जड?"

"दोन मानल्या, म्हणूनच तिसरी आली. राघू, अट अमान्य!"

सोन्याचा कोळसा झाला. पाठशाळांची छपरं हंसांच्या थव्यासारखी उठली आणि राजधानीकडे उडाली. मुलांनी टाळ्या पिटल्या. गुरुजी कपाळाला हात लावून बसले.

राणीनं कोळशाची पेटी घोड्यावर लादली आणि छपरांमागोमाग निघाली. भर दरबारात तिनं पेटी उघडली.

सम्राट म्हणाला, "दान नाकारलंस, आणि वर दाद मागतेस?"

"दाद नंतर, महाराज. आधी या कोळशाला एक प्रश्न विचारू द्या."

"कोळसा बोलत नसतो," कालकंठ गुरकावला.

"मग भिता कशाला?"

सासरी आलेल्या नव्या सुनेला पुसावं, तसं राणीनं पुसलं, "बाळा, तुझं माहेर कुठलं?"

कोळसा बोलला, "अर्धं तुझ्या डोंगरात, बाई, अर्धं दर्याकाठच्या राज्यात. खंडणी होऊन गेलो, दान होऊन आलो."

खरं बोलताच काजळी झडली. दरबार सोन्यानं उजळला.

सम्राट ओशाळला. "मग मी दिलं ते काय?"

"वाटून दिलंत, महाराज. तेही थोडं नाही."

सम्राट खळखळून हसला आणि तिन्ही अटी त्यानं मोडल्या. मग म्हणाला, "पण अर्धं सोनं दर्याकाठचं. त्यांच्या वतीनं एक तरी अट घालीनच."

"घाला. पाठशाळेच्या दारी आलेलं मूल कुण्या राज्यानं माघारी धाडू नये. आधी माझ्यावर घाला, मग इतरांवर."

"घातली!"

त्या क्षणी डोंगरातल्या लेकरांच्या गळ्यात गाणी परतली. छपरं माघारी उडाली. एक मात्र वाट चुकलं आणि पैलतीरी, कुंभारवाड्यात जाऊन बसलं. राणीनं तिथंच नवी पाठशाळा भरवली. गुरुजी म्हणून सम्राटानं धाडला कालकंठ, जादू सोडून पाढे शिकवायला.

पहिल्या दिवशी गवरा नावाची कुंभारकन्या उंबऱ्याशी थबकली. "गुरुजी, आत यायला अट काय?"

कालकंठानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या चिखलानं भरलेल्या हातांकडे.

"हात धुऊन ये," तो म्हणाला. "आणि लवकर ये, पाढे सुरू झालेत."

त्या राज्याची लेकरं शिकली, शहाणी झाली. ऐकणाऱ्यांच्या घरचीही होवोत.