मंडळात पडलेला पाऊस

बोरखेडीत दोन महिने पावसाचा थेंब नव्हता, तूर उभी करपली होती. सरकारी मदतीसाठी सरपंच गयाबाईंनी अर्ज केला. पाहणीला आलेले साहेब अकरा किलोमीटर खड्ड्यांतून धक्के खात दोन तासांनी पोचले आणि उतरता उतरताच म्हणाले, "कसला दुष्काळ? महसूल मंडळाच्या गावातल्या पर्जन्यमापकात भरपूर पाऊस नोंदलाय. तिथं पडला म्हणजे इथं पडलाच!"

गयाबाईंनी त्यांना शेतं दाखवली. दुपार टळली. साहेबांच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

"बाई, जेवणाचं काय?"

"झालं की! मंडळाच्या गावात तुमचे कारकून पोटभर जेवले. आत्ताच फोन आला."

"ते जेवले हो, पण माझं काय?"

"तिथं ते जेवले म्हणजे इथं तुम्ही जेवलातच!"

साहेबांनी पंचनाम्याचा कागद काढला आणि लिहिलं, 'बोरखेडीत पाऊस नाही.'

गयाबाईंनी घरात हाक दिली, "भाकरी टाका गं!"