गुरुजींनी मागे घेतलेला हात

एकदा एक वृद्ध वैद्य आजारी पडले. पन्नास वर्षे दुसऱ्यांच्या नाड्या पाहिलेला तो माणूस. आता पायांवर सूज चढली होती आणि चार पावले चालले की धाप लागत होती.

ही वार्ता शहरात हेरंबच्या कानी गेली. हेरंब हा त्यांचा सर्वांत नावाजलेला शिष्य. त्याचे मोठे चिकित्सालय होते, दूरदूरचे रुग्ण त्याला मोबाइलच्या पडद्यावर भेटत आणि इंटरनेटवर त्याच्या नावापुढे पाचपैकी पाच तारे झळकत. चारशे बारा जणांनी अभिप्राय लिहिले होते; त्यांत वाईट शब्द औषधालाही सापडत नसे.

सगळी कामे बाजूला सारून तो गुरुगृही धावला. मनात भक्ती होती, खोटे कशाला बोला! पण गुरूंवर आपण उपचार केले हे चार लोकांना कळेल, असाही एक विचार वाटेत डोकावून गेला होता.

त्याने वाकून नमस्कार केला आणि नाडी पाहायला हात पुढे केला. गुरुजींनी आपला हात गोधडीखाली घेतला.

“मंदाकिनीला बोलाव,” ते म्हणाले.

मंदाकिनी म्हणजे हेरंबचीच सहाध्यायी. शेजारच्या बाजारगावात तिचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. हेरंबला हसूच आले.

“गुरुजी, तिच्याबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय, पाहिलंत का? तीन तारेसुद्धा धड नाहीत.”

“पाहिलंय. म्हणूनच बोलाव म्हणतो.”

तासाभरात ती स्कूटरवरून आली. तिने सुजेवर बोट दाबले, पडलेला खळगा भरायला किती वेळ लागतो ते पाहिले, छाती तपासली. मग स्पष्ट म्हणाली, “गुरुजी, हे माझ्या आवाक्यातलं नाही. हृदयाच्या डॉक्टरांना आजच दाखवायला हवं.” आणि गाडी ठरवायला बाहेर गेली.

हेरंबचा चेहरा उतरला होता. “माझं काय चुकलं, गुरुजी?”

“मंदाकिनीच्या औषधाने एका पोराच्या अंगावर पुरळ उठलं. त्याच्या आईने ते लिहिलं. हिने खाली उत्तर दिलं, ‘मात्रा माझीच चुकली, मी उद्या घरी येते.’ ते आजही तिथेच आहे.” गुरुजी दम घेण्यासाठी थांबले. “तुझ्याबद्दलही एका मुलीने लिहिलं होतं. शिष्याचं नाव वाचायची हौस. मी रोज चष्मा लावून तुझं पान पाहायचो. तिचे शब्द होते, ‘माझ्या वडिलांना दोन महिने कावीळ म्हणून काढा दिला, तोही पडद्यावरून. एकदा पोटाला हात लावला असता, तर गाठ हाताला लागली असती. परवा बाबा गेले.’ आठ दिवसांनी पाहिलं, तर ते नव्हतं. कुठे गेलं रे?”

ते कुठे गेले, हे हेरंबला ठाऊक होते. इंटरनेटवर लोकांची प्रतिमा सांभाळणाऱ्या एका कंपनीला त्याने सांगितले होते, “हे तेवढं काढून टाका.” त्यांनी त्या मुलीला वकिलाची नोटीस पाठवली होती. त्याने स्वतः तो एकच तारा पाहिला होता; मजकुराची दुसरी ओळही वाचली नव्हती.

“नाव जपावं लागतं, गुरुजी. एका शब्दाने वर्षानुवर्षांची मेहनत मातीत जाते.”

“जपावंच. मीही जपलं. पण रुग्ण कण्हतो, म्हणून दुखणं कुठे आहे ते वैद्याला कळतं. तू त्याचं तोंड दाबलंस आणि तो बरा झाला असं समजलास. जे शिकवायचं माझ्याकडून राहिलं, ते ती लिहिणारी पोर तुला शिकवायला आली होती. आता तू चुकलास तर तुला सांगणारं कोणी उरलेलं नाही. अशा वैद्याच्या हाती हात द्यायचं मला भय वाटतं.”

हेरंबने खालच्या आवाजात विचारले, “नाव काय होतं तिचं?”

“ते तू वाचायचं होतंस.”

गाडी आली. मंदाकिनी गुरुजींच्या शेजारी बसली. हेरंबला कोणी ‘चल’ म्हटले नाही.

त्याने कंपनीला फोन लावला. पलीकडचा तरुण मोठ्या अदबीने म्हणाला, “सर, काढलेल्या मजकुराची नोंद आम्ही ठेवत नाही. निर्धास्त राहा, ते आता कुणालाही सापडणार नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याने चिकित्सालयातली जुनी कागदपत्रे उघडली. वर्षभरात एकशे चाळीस जणांना त्याने कावीळ म्हणून औषध दिले होते. पुढे कोणाचे काय झाले, हे एकाही कागदावर लिहिलेले नव्हते.

त्याने पहिला क्रमांक फिरवला. ‘आपला रुग्ण कसा आहे?’ एवढेच विचारायचे होते. पलीकडून एका स्त्रीचा आवाज आला, “हॅलो, कोण बोलतंय?”

आणि आपले नाव सांगताना आयुष्यात पहिल्यांदा हेरंबची जीभ अडखळली.