पोपटाचं पंचांग

ज्योतिष्याकडे चिठ्ठ्या उचलून म्हातारा झालेला एक पोपट कोण्या एके काळी भागूबाईच्या कोंबडीशेजारी राहायला आला. भागूबाई रोज सकाळी प्रत्येकापुढे दोन टोपल्या पालथ्या घाली. दाणे एकीखालीच असत आणि उलटायची एकच. दहातले सात दिवस दाणे चुलीकडच्या टोपलीखाली निघत. कोंबडी रोज तीच उलटवी. पोपट तिथी-नक्षत्र पाहून कधी ही, कधी ती निवडी आणि निम्मे दिवस उपाशी राही.

"अगं, तूही चुकतेसच की!" एकदा तो म्हणाला.

"चुकते ना. त्या दिवशी उपाशी राहते, दुसऱ्या दिवशी परत तिथंच जाते."

पोपटाला तिच्या अडाणीपणाची कीव आली. त्याला मान हलवायची होती, पण अंगात त्राण नव्हतं.