सतरा पाचे आणि विसावं डोकं

एका गावात एक भोळा शिपाई होता. तसे गावात भोळे पुष्कळ होते, आम्हीही त्यातलेच. पण भोळेपणाला गणवेश मिळालेला हा एकटाच. नाव तुळशीराम. गाव बोरखडी. शाळा पत्र्याची, पोरं एकोणीस, बाई एक.

तुळशीराम शिपाई कसा झाला, ते आधी ऐका. तो तिसरीत होता तेव्हाचे गुरुजी एकदा चिडून त्याला म्हणाले, "तुळश्या, सतराचा पाढा आल्याशिवाय शाळेबाहेर पाऊल टाकायचं नाही! आणि आला की इथं क्षणभर थांबायचं नाही, सरळ घर गाठायचं!"

त्याने पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी आई न्यायला आली, तर हा सतरा पाचेला अडलेला. सतरा पाचे पंचाहत्तर, म्हणायचा. आईने भाकरी आणून दिली. दुसऱ्या दिवशीही आणून दिली. गुरुजींची बदली झाली, पुढे ते वारलेही, पण पाढा काही आला नाही. मग पंचायतीने म्हटलं, नाहीतरी हा इथंच असतो, घंटा तरी वाजवेल. चाळीस वर्षं झाली. आई आता पंचाहत्तरीची. रोज संध्याकाळी भाकरी घेऊन फाटकाशी यायची नि विचारायची, "आला का रे?"

"पाचेला अडलंय, आई," तुळशीराम म्हणायचा. "माझं डोकं म्हणजे नुसतं टोपी ठेवायला दिलंय देवाने."

तर त्या वर्षी माघात, ऐन थंडीत, भर दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं नि गारा कोसळल्या. लिंबाएवढ्या! पोरं बाकांखाली घुसली म्हणून वाचली. पत्र्यांची पार चाळण झाली. अर्ध्या तासाने बाहेर बघतात तर शाळेचं अंगण पांढरंफेक, घोट्यापर्यंत गारा. लोमटेबाईंनी पोरांना घरी पाठवलं, शाळेला सुट्टी दिली नि तालुक्याला कळवलं.

तालुक्याहून निरोप आला. सोमवारी साहेब येतील. पंचनामा करतील. पण नवे पत्रे द्यायच्या आधी पट मोजतील, कारण नवा हुकूम निघाला होता: एक ते एकोणीस पट असलेल्या शाळा बंद कराव्यात आणि तिथली पोरं शेजारच्या शाळेत पाठवावीत.

शेजारची शाळा म्हणजे टाकळीची. मधे ओढा, वर सहा किलोमीटर. बाईंनी पट पुन्हा मोजला, एकोणीसच. तुळशीराम तर रडूच लागला. शाळा बंद झाली तर त्याने पाढा पाठ करायचा कुठे, नि आईकडे जायचं कधी?

"रडू नका, मामा," बाई म्हणाल्या. शाळेत शिपायाला सगळे मामाच म्हणत. "आधी अंगण मोकळं करा. या गारा बाहेर टाका."

तुळशीरामने फावडं घेतलं, घमेलं घेतलं, नि फाटकात उभं राहून गारा बाहेर टाकल्या. बाहेर म्हणजे रस्त्यावर. त्याच रस्त्याने दूधवाला शिवलिंग आला. आधी तो घसरला, मग सायकल घसरली, मग दोन्ही कॅन घसरले.

बाई धावल्या. "अहो मामा, रस्त्यात टाकतात का? साहेबांना दाखवायला काही उरायला नको? जे काही असेल ते आत, कुलपात ठेवायचं!"

"चुकलं माझं, बाई. पुढल्या वेळी असं करणार नाही."

नाही केलं. उरलेल्या गारांची सात घमेली त्याने आत नेली, कपाटात भरली नि कुलूप लावलं. शाळेचं कपाट एकच. त्यात वरच्या कप्प्यात खडू नि खालच्या कप्प्यात शाळा निघाल्यापासूनची सगळी रजिस्टरं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी बाईंनी कपाट उघडलं, तर आधी पाणी बाहेर आलं, मग खडूचा चिखल आला, मग रजिस्टरं.

"कुणी चोरल्या, बाई?" तुळशीराम आत डोकावत म्हणाला. "कुलूप तर शाबूत होतं!"

बाई खुर्चीत बसल्या. "मामा, ओलं झालेलं काहीही असो, आधी उन्हात टाकायचं. आडवं. आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवायचा. कळलं?"

"कळलं, बाई. माझ्या टाळक्यात आता दगडासारखं बसलं."

आणि खरंच, त्याने रजिस्टरं उन्हात ओळीने मांडली, प्रत्येकावर दगड ठेवला. एक काम नीट झालं. बाई एकेक पान सोडवत फिरत होत्या. फिरता फिरता एका जुन्या पानावर थबकल्या. तुळशीराम गेनबा खरात, इयत्ता तिसरी. पुढे काहीच नाही. नाव कमी केलेलं नाही, दाखला दिलेला नाही.

"मामा!" बाई ओरडल्याच. "अहो, तुमचं नाव अजून पटावर आहे! तुम्ही विसावे!"

"चाळीस वर्षांत माझा पहिलाच नंबर लागला, बाई. तोही विसावा," तुळशीराम म्हणाला नि डोळे पुसू लागला.

शाळा बंद असली की पोरं शाळेत हमखास येतात. चौथीतली छबी अशीच आली, अंगणातल्या डबक्यात पाय घसरून पडली नि नखशिखांत भिजली. बाई तेव्हा आत कागद पुसत होत्या. तुळशीरामने छबीला बघितलं. ओलं होतं. त्याने तिला उचललं, दोन रजिस्टरांच्या मधे उन्हात आडवं केलं नि पोटावर दगड ठेवला.

छबी अंगाने काडी होती, त्यामुळे तिलाही ते पटलं.

बाई बाहेर आल्या. "छबे! हे काय गं?"

"हलू नको म्हणालेत मामा. उडून जाईन."

बाईंनी दगड काढून फेकला. "मामा, अहो जित्या माणसावर दगड? कुणी गारठलेलं दिसलं, अंग थंड पडलं, की त्याला घोंगडीत गुंडाळायचं नि गरम चहा पाजायचा! एवढं कळत नाही?"

"चुकलं माझं, बाई. पुढल्या वेळी असं करणार नाही. मला कुणी शिपाई केलं देव जाणे. मीही कुणाला केलं नसतं."

छबीला घोंगडी मिळाली, चहा मिळाला, तिची तरतरी परत आली. तुळशीराम समाधानाने वर्गात गेला. भिंतीवरचं घड्याळ गारांच्या पाण्याने बंद पडलं होतं. त्याने हात लावून पाहिलं. थंडगार. काटेही हलत नव्हते.

बाई आत आल्या तेव्हा घड्याळ दुसऱ्या घोंगडीत होतं, त्याची काच उघडी होती, नि तुळशीराम बशीने आत चहा ओतत होता.

"घेतोय, बाई," तो हळूच म्हणाला. "अर्धा कप गेलाय."

तेव्हा मात्र लोमटेबाईंनी हात जोडले. "मामा, आता तुम्ही काही करू नका. गारा राहू द्या, पाणी राहू द्या, सगळं राहू द्या. त्या कोपऱ्यात बसा नि सोमवारपर्यंत सतराचा पाढा म्हणा. बास!"

चाळीस वर्षांत जो आला नाही तो तीन दिवसांत थोडाच येतोय, असा बाईंचा हिशेब. बाई शिकलेल्या होत्या, त्यामुळे त्यांची चूक आमच्यापेक्षा जरा मोठी झाली.

तुळशीराम कोपऱ्यात बसला. "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे पंचाहत्तर..."

"मामा, पंचाहत्तर तुमची आई आहे," छबी घोंगडीतून म्हणाली. "सतरा पाचे म्हणजे माझी आजी. पंच्याऐंशी."

तुळशीरामने मान डोलावली. छबीची आजी त्याने पाहिलेली होती.

सोमवारी साहेब आले. सोबत कागदांची जाड फाईल. साहेब हुकमाबाहेर एक अक्षर जायचे नाहीत. चहा घ्या म्हटलं तर विचारायचे, हुकमात आहे का?

"पट किती?"

"वीस, साहेब," बाई म्हणाल्या नि सुरकुतलेलं रजिस्टर पुढे केलं.

साहेबांनी सगळी नावं वाचली. मग विसाव्या विद्यार्थ्याकडे बघितलं. तो पहिल्या बाकावर मांडी घालून बसला होता, मिशांना तेल लावून.

"हा?"

"दाखला दिलेला नाही, साहेब. पटावर आहे."

साहेबांनी हुकूम वर-खाली वाचला. वयाबद्दल त्यात काहीच नव्हतं. "मग आहे," ते म्हणाले. "मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो, शेवटी डोकी मोजतो नि सही करतो. मोजलं तेवढंच खरं. काय रे, तिसरीला नापास कशात झालास?"

"सतराच्या पाढ्यात, साहेब."

"म्हण."

बाई गालात हसल्या. दारात जमलेले आम्ही गावकरीही हसलो. नापास झाला तर तिसरीत राहणार, तिसरीत राहिला तर शाळा राहणार. तुळशीरामने फक्त नेहमीसारखं चुकायचं होतं. एवढं सोपं काम त्याला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

"सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे..."

तो थांबला. आम्ही वाट बघत होतो. त्याने छबीकडे पाहिलं. छबीच्या चेहऱ्यात त्याला आजी दिसली असावी.

"पंच्याऐंशी!"

बाईंनी डोळे मिटले. पुढचा पाढा घसरगुंडीवरून यावा तसा आला. "...सतरा दाहे एकशे सत्तर!"

"शाब्बास! पास," साहेब म्हणाले. "दाखला घे, नाहीतर चौथीत नाव घाल. चौथीत घातलंस तर पट वीसच राहील. बोल, काय करतोस?"

सगळं गाव एका दमात ओरडलं, "चौथीत! चौथीत!"

पण ऐकायला तुळशीराम होता कुठे? पाढा आला की क्षणभर थांबायचं नाही, हे गुरुजींनी सांगितलेलं. चाळीस वर्षांनी त्याने फाटकाबाहेर पाऊल टाकलं, धोतर धरलं नि धूम ठोकली. "आई! आला गं! पाढा आला!"

"पकडा रे मामांना!" बाई किंचाळल्या.

एकोणीसच्या एकोणीस पोरं उठून पळाली. त्यांच्यामागे बाई, बाईंच्या मागे आम्ही. वेशीजवळच्या घरापाशी तुळशीराम सापडला तेव्हा तो आईच्या पायांवर पडला होता. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत रडत होती नि म्हणत होती, "एवढा उशीर करतात होय रे?"

"मामा, शाळा बुडवलीत की हो!" बाई धापा टाकत म्हणाल्या.

तुळशीरामच्या सगळं ध्यानात आलं. त्याने दोन्ही हातांनी कपाळ बडवलं. "जन्मभर चुकलो, बाई. ज्या दिवशी चुकायचं त्याच दिवशी चुकायला चुकलो. माझ्यासारखा गाढव मीच."

आम्हीही तेच म्हणत, माना खाली घालून शाळेकडे परतलो. तर साहेब फाईल बांधून निघालेले.

"डोकी मोजली," ते म्हणाले. "शून्य."

बाईंना रडूच फुटलं.

"रडताय कशाला? हुकूम एक ते एकोणीसचा आहे. शून्य त्यात बसत नाही." साहेबांनी कागद दाखवला. खाली सही, वर शेरा: पट शून्य, सबब शाळा चालू ठेवावी. नवे पत्रे तातडीने बसवावेत.

आता शाळेवर नवे पत्रे आहेत. तुळशीराम चौथीत आहे नि जेवायला घरी जातो. आणि साहेब येणार असं कळलं, की बाई आदल्या दिवशीच तुळशीरामसकट सगळ्या पोरांना सुट्टी देऊन टाकतात.