जैतुनाची कुपी

एका राज्यात रिपुंजय नावाचा राजा होता. पराक्रमी खरा, पण हट्टी इतका, की पाण्यालाही फोडणी द्यायला लावील.

एकदा कालकंठ मांत्रिक त्याच्याकडे पाहुणा आला. त्याने जैतुनाच्या तेलाची कुपी नजर केली. म्हणाला, "राजा, याला विस्तव दाखवू नकोस. पान वाढून झालं, की वरून धार सोड."

राजा हसला. "वरून? आमच्यात तेल आधी कढईत पडतं!" आणि मेल्याने पाहुण्यादेखत त्या तेलाची फोडणी करवली! मोहरी तडतडली, सुवास धुरात गेला. कालकंठ भरल्या पानावरून उठला.

"तुझ्या राज्यातल्या अन्नाची चव जावो!"

चव गेली. पुरणपोळी मातीसारखी लागू लागली, चिंच लाकडासारखी. मोठी माणसं डोळे मिटून गिळत. पण धाकटा युवराज धवलांग प्रत्येक घास थुंकून टाकी आणि दिवसेंदिवस सुकत चालला. राजाने काय केलं? आचारी बदलले! सांगतानाही संताप येतो.

राणी इरावतीलाही आला. ती कालकंठाला गाठायला निघाली, तेव्हा पिंजऱ्यातली साळुंकी बोलली, "तीन घाट ओलांड, राणी. प्रत्येक घाट काही मागेल."

पहिल्या घाटाने पैंजण मागितले. तिने दिले. दुसऱ्याने केस मागितले. तेही दिले. तिसऱ्या घाटावर कालकंठ स्वतः बसला होता.

"तुझा राग दे आणि तेल ने."

"राग देणार नाही. त्याच्याच बळावर इथवर चालत आले. अपराध राजाचा आणि उपास माझ्या लेकराला? हा कुठला न्याय?"

मांत्रिकाने मान खाली घातली. तेलाची कुपी दिली. "धार तयार पानावर पडली, की शाप सुटेल."

राणी थेट मुदपाकखान्यात आली. तिने कुपी ठेवली, युवराजाला बसवून वरणभात वाढायला घेतला. तेवढ्यात राजाने येऊन कुपी उचलली आणि निम्मी तापल्या कढईत ओतली!

"फोडणीवाचून का राजपुत्र जेवतो?"

पुन्हा तेच! पोटचं पोर मरायला टेकलं, तरी याची फोडणी सुटेना. राणीने कुपी हिसकावली, कढई लाथेने उलथवली.

"आता हात लावाल, तर याद राखा!"

उरलेलं तेल तिने साध्या वरणभातावर सोडलं. हिरवट सोनेरी धार पडली. युवराजाने घास घेतला आणि गिळला.

"आई, अजून."

त्याच घटकेला राज्यातली चिंच आंबट झाली, गूळ गोड झाला. बाजारात कोणी मिरची चावून ओरडला, आणि लोक आनंदाने रडले.

राजाने हळूच आपलं पान पुढे केलं. "आम्हालाही थोडं."

राणीने कुपी उपडी धरली. थेंब पडला नाही.

"तुमच्या वाटणीचं कढईत जळालं, महाराज."

राजा त्या दिवशी बिनफोडणीचं वरण खाली मान घालून जेवला. युवराजाला चव परतली, तशी तुम्हां-आम्हांला सदा राहो, आणि असल्या हट्ट्याच्या हाती कुपी कधी न लागो.