पाच सेकंदांचा नियम

“म्हणजे तीस वर्षं मी चुकत आले, असं तुझं म्हणणं?” वर्तकबाईंनी विचारलं.

“चुकलात असं नाही, बाई...” शार्दूल म्हणाला. “तुमच्या काळात यंत्रं साधी होती.”

बाई कांदा चिरत राहिल्या.

नॉर्वेच्या उत्तर टोकाला बाईंचं छोटं लाकडी घर होतं. मिरजेहून तीन वर्षांसाठी म्हणून आल्या आणि आकाशाचा अभ्यास करता करता इथेच म्हाताऱ्या झाल्या. हिवाळ्यात इथे दोन महिने सूर्य उगवत नाही. सकाळी आठ वाजताही डोक्यावर काळंभोर आकाश, आणि त्यात हिरवा ध्रुवीय प्रकाश.

सकाळच्या या प्रकाशाची एक खोड आहे. तो पडद्यासारखा लहरत नाही. त्याची ठिगळं होतात आणि ती उघडझाप करतात. उजळली... विझली... पुन्हा उजळली.

बाई सांगत, पृथ्वीभोवतीच्या चुंबकी क्षेत्रात, हजारो कोस वर, इलेक्ट्रॉन अडकून पडलेले असतात. तिथे लहरी उठतात. लहर आली की इलेक्ट्रॉन निसटून खाली सांडतात, आकाश उजळतं. लहर निवली की विझतं. याच लहरी रेडिओवर धरल्या तर पाखरांच्या किलबिलाटासारख्या ऐकू येतात. बाईंनी तीस हिवाळे तो किलबिलाट ऐकला होता.

शार्दूल किणीकर हा त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. हे इतरांच्या आधी त्याच्याच लक्षात आलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी तो पुण्याहून स्वतः बनवलेला कॅमेरा घेऊन आला. रोज सकाळी अंगणात उभा. आणि आज त्यानं ओट्यावर, कांद्याच्या सालांशेजारी, कागद पसरले होते.

“बघा बाई. प्रकाश दर पाच सेकंदांनी मंदावतो. रोज! तुमची किलबिल मात्र कधी तीन सेकंदांनी, कधी अकरा. दोघांचा काडीचा संबंध नाही. परवा परिषदेत मी हे मांडतोय. तुमची परवानगी हवी.”

“परवानगी की आशीर्वाद?”

“दोन्ही चालेल.”

बाईंनी सुरी खाली ठेवली.

“पंधरा दिवसांत एकदाही चुकलं नाही?”

“एकदाही नाही.”

“आकाश, आणि इतकं नेमानं?”

“आकाश.”

“हं... कॅमेऱ्यापाशी कोण असतं?”

“मीच. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. काचेवर बर्फ धरतंय का, ते वाकून बघत असतो. जागचा हलत नाही.”

“चल. दाखव.”

बाहेर उणे बावीस होतं. पायरीवर लॅपटॉप, अंगणात तिकाटण्यावर कॅमेरा, त्यावर गरम ठेवलेला काचेचा घुमट. शार्दूल सवयीनं त्यावर वाकला. पडद्यावर प्रकाशाची रेघ उमटू लागली. एकसारखे उंचवटे, जणू एका साच्यातून काढलेल्या करंज्या.

“पाहिलंत?”

बाईंनी रेडिओचे हेडफोन कानाला लावले. थोडा वेळ ऐकलं.

“तोंड मीट,” त्या म्हणाल्या.

“का?”

“मीट तर.”

त्यानं तोंड मिटलं. बाईंनी हातमोजा काढला आणि कांद्याच्या वासाच्या दोन बोटांनी त्याचं नाक गच्च धरलं.

करंज्या थांबल्या.

रेघ क्षणभर सरळ गेली. मग आपल्या मर्जीनं उठली, लांब रेंगाळली, बसली. पुन्हा एक बारीकशी उठली. मग काहीच नाही...

दुसऱ्या हातानं बाईंनी हेडफोन त्याच्या कानांवर चढवले.

किलबिल झाली, रेघ उठली. शांतता... रेघ बसली. किलबिल, किलबिल... रेघ पुन्हा उठली.

शार्दूलचे डोळे मोठे झाले. चेहरा जांभळा झाला.

बाईंनी नाक सोडलं.

भस्सकन वाफ बाहेर पडली, घुमटावर पसरली आणि विरली. पडद्यावर एक भलामोठा खड्डा उमटला.

शार्दूलनं खड्ड्याकडे पाहिलं, मग घुमटाकडे.

“बाई... हे पाच सेकंद...”

“तुझे.”

“पंधरा दिवस मी माझाच श्वास...”

“मिनिटाला बारा. प्रकृती ठणठणीत आहे तुझी. कुठलाच डॉक्टर इतकं बारकाईनं बघत नाही.”

शार्दूल मटकन बर्फात बसला. “परिषदेच्या पत्रिकेत नाव छापून आलंय हो माझं!”

“मग जा की.”

“जाऊन काय सांगू?”

“नाक धरून दाखव.”

आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू बाईंना फुटलं. त्या खांबाला धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी पापण्यांवर गोठलं, तशा आणखी हसल्या. शार्दूलला आधी राग आला. मग रडू आलं. मग तोही हसू लागला, आणि हसता हसता त्याची मान मागे गेली.

पंधरा दिवसांत त्यानं काच पाहिली होती, पडदा पाहिला होता. वर पाहिलं नव्हतं.

क्षितिजापासून क्षितिजापर्यंत हिरवी ठिगळं उजळत होती, विझत होती. एक इथे, एक तिथे, दोन एकदम. कानांत सगळं रान जागं झालं होतं.

शार्दूल उठून उभा राहिला. हलेना, बोलेना...

त्याचा चेहरा पुन्हा जांभळा होऊ लागला, तेव्हा बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

“घे श्वास. तुझ्यावाचून चालतंय ते.”